पेशींचे रिंगण: जायरो, चाके आणि कॅमेरा यांच्याकडून रोबोटला एकच दिशा कशी काढून द्यावी

चाकांचा हिशोब सांगतो, रोबोटचे तोंड ३५८°कडे आहे. जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) म्हणतो २°. कॅमेरा म्हणतो १०°. तिघांची साधी सरासरी १२३° येते, म्हणजे रोबोट उत्तरेकडे बघत असताना त्याला आपण जवळपास आग्नेयेला वळलोय असे वाटते. हा घोळ साइन-कोसाइनने मिटतो. न मिटणारा प्रश्न पुढचा आहे: कॅमेऱ्याने १०° ऐवजी १९०° सांगितले तर? तिथे सरासरी काढायचीच नसते, एकाचे ऐकून दुसऱ्याला गप्प बसवायचे असते. फरक थोडा असेल तर मधला मार्ग आणि फार असेल तर निवड, ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेने करावीत यासाठी मेंदूतली एक रचना उसनी घेता येते. ती रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायथनमध्ये कशी बांधायची, ते इथे दिले आहे. काम दोन-तीन शनिवार-रविवारांचे. त्यातला निम्मा वेळ न्यूरल नेटवर्कवर नव्हे, तर सेन्सर सरळ करण्यावर जातो.

रचनेची ओळख आधी. उंदराचे डोके एका ठराविक दिशेला असेल तेव्हाच पेटणाऱ्या चेतापेशी जेम्स रँक यांना १९८४ मध्ये दिसल्या. १९९० मध्ये टाउबे, म्युलर आणि रँक यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास छापला. त्यांना दिशापेशी म्हणू. अशा पेशी एका वर्तुळात मांडल्या आहेत, शेजारची शेजारणीला चेतवते आणि लांबचीला दाबते असे मानले, तर वर्तुळावर सक्रियतेचा एकच उंचवटा टिकतो. तो उंचवटा जिथे, तिथे डोक्याचे तोंड. १९९० च्या दशकात हे गणित कागदावर मांडले गेले. २०१५ मध्ये झेलिग आणि जयरामन यांनी फळमाशीच्या मेंदूत असा उंचवटा प्रत्यक्ष फिरताना पाहिला, आणि तिथे तर पेशींची रचनाही खरोखर गोल निघाली. अंधारात तो माशीच्या चालण्यावरून फिरतो, उजेडात खुणेला धरून राहतो. आपल्याला हेच हवे आहे.

सामान

रास्पबेरी पाय ४ (२ जीबी पुरतो), पाय कॅमेरा आवृत्ती २, एमपीयू-६०५० जायरो, चाके मोजायला रास्पबेरी पाय पिको, टीबी६६१२एफएनजी मोटर ड्रायव्हर, एन्कोडर (चाकाचे फिरणे मोजणारा सेन्सर) असलेल्या दोन गिअर मोटर, ६५ मिमी व्यासाची दोन चाके, पुढे एक कॅस्टर, बीएमएससह (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटसह) मालिकेत जोडलेले दोन १८६५० सेल आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर.

पिवळ्या प्लास्टिकच्या स्वस्त मोटरी आणि २० खाचांची चकती घ्यायचा मोह आवरा. ६५ मिमी चाकाचा परीघ २०४ मिमी. २० खाचा म्हणजे एका खाचेला १०.२ मिमी. दोन चाकांत १४० मिमी अंतर धरले तर एका खाचेच्या फरकाने रोबोट ४ अंशांहून जास्त वळलेला असतो. शिवाय एका सेन्सरची चकती पुढे-मागे ओळखत नाही. चाकाच्या एका फेऱ्याला किमान ३०० मोजण्या देणारा दोन-फेजचा एन्कोडर घ्या. मग एक मोजणी म्हणजे सुमारे ०.२८°. मोजणी पायवर पायथनच्या इंटरप्टने करू नका, कारण कॅमेरा चालू झाला की मोजण्या गळतात आणि त्या गळतात हे कळतही नाही. पिकोने मोजावे आणि दर २० मिलिसेकंदांनी दोन आकडे यूएसबीवरून पाठवावेत.

एल२९८एन ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, पण तो सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला सव्वापाच-साडेपाच उरतात आणि चार्ज उतरला की रोबोट रांगायला लागतो. प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. हे टाळले की मोटर सुरू होताना आय-टू-सी (जायरो ज्या तारांवरून पायशी बोलतो ती जोडणी) अडकते, जायरोचा शेवटचा आकडा तसाच गोठतो आणि रोबोट स्थिर उभा असूनही रिंगणातला उंचवटा एका वेगाने गरगरत राहतो. पाहणाऱ्याला नेटवर्क बिघडले असे वाटते, बिघाड मात्र सोल्डरिंगमध्ये असतो.

जायरो आणि चाके आधी सरळ करा

एमपीयू-६०५० सुरुवातीला झोपलेला असतो; पॉवर मॅनेजमेंट रजिस्टरमध्ये शून्य लिहून त्याला जागा करा. मोजमाप ±५००°/सेकंद ठेवा, तिथे ६५.५ आकडे म्हणजे १°/सेकंद. ±२५० वर अचूकता दुप्पट दिसते, पण जागच्या जागी सेकंदाला एक गिरकी म्हणजे ३६०°/सेकंद झाले, आणि आकडा छताला टेकून तिथेच थांबतो. चिपमधला लो-पास फिल्टर ४२ हर्ट्झवर ठेवा, नाहीतर गिअरची थरथर आत येते.

चिप दोन्ही चाकांच्या आसावर बसवा. ५° तिरकी बसली तर दर फेऱ्यामागे सुमारे १.४° कमी मोजली जाते; दहा फेऱ्यांत १४° गेले. स्पिरिट लेव्हल नसेल तर फोनमधले ॲप चालते.

बायस म्हणजे स्थिर असतानाही जायरो सांगतो तो खोटा वेग. चालू केल्यावर पाच मिनिटे चिप गरम होऊ द्या, मग १० सेकंद रोबोटला हात न लावता ५०० नमुन्यांची सरासरी घ्या आणि ती प्रत्येक मोजमापातून वजा करा. ०.५°/सेकंद बायस राहिला तर एका मिनिटात ३०° चूक साचते. चाके सलग १ सेकंद थांबलेली दिसली की बायस पुन्हा हळूच ताजा करत राहा.

चाकांसाठी: वळणाचा वेग = (उजव्याचा वेग − डाव्याचा वेग) ÷ चाकांमधले अंतर. हे अंतर पट्टीने मोजून भागत नाही, कारण रबराचा नेमका कुठला भाग फरशीला टेकतो ते दिसत नाही. रोबोटला जागच्या जागी मोजून दहा फेरे फिरवा. १४० मिमी धरून हिशोब ३७८०° आला आणि खरे ३६००° असतील, तर खरे अंतर १४० × ३७८० ÷ ३६०० = १४७ मिमी. दोन्ही दिशांना करा. दोन दिशांचे उत्तर दोन टक्क्यांहून जास्त वेगळे आले तर एखादे चाक आसावर सैल आहे.

चिन्हांची शिस्त इथेच लावा: डावीकडे वळणे धन, उजवीकडे ऋण, तिन्ही इंद्रियांना एकच नियम. एकाचे जरी उलटे राहिले तर ते इंद्रिय प्रत्येक दुरुस्तीत चूक वाढवत नेते.

आता दोघांना किती मान द्यायचा? ९०°ची वळणे दहादा घ्या, प्रत्येकाच्या उत्तराचा प्रमाण विचलन काढा. जायरोचे २° आणि चाकांचे ६° आले, तर वजने वर्गाच्या व्यस्त प्रमाणात: १/४ आणि १/३६, म्हणजे ०.९ आणि ०.१. हा नियम मनाने काढलेला नाही. अर्न्स्ट आणि बँक्स यांनी २००२ मध्ये दाखवले की माणूसही वस्तूची उंची डोळ्यांनी आणि बोटांनी एकाच वेळी अजमावताना जवळपास याच प्रमाणात दोघांचे ऐकतो. डोळ्यांपुढचे चित्र धूसर केले की बोटांचे वजन आपोआप वाढते.

मात्र हा नियम दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तेव्हाचा. टेबलाच्या पायाला अडकून चाक जागीच घसरत असेल तर चाके वळण सांगतात आणि जायरो शांत असतो. तिथे ९०-१० चीही सरासरी चूकच. म्हणून दोघांत १५°/सेकंदाहून जास्त फरक सलग ५ नमुन्यांत (०.१ सेकंद) दिसला तर फरक मिटेपर्यंत चाकांचे वजन शून्य करा.

रिंगण

७२ पेशी, प्रत्येकीची आवडती दिशा शेजारणीपासून ५° दूर. सक्रियतांची बेरीज नेहमी १. सुरुवातीला ०° वर ३ पेशी रुंदीचा गॉसियन (घंटेच्या आकाराचा) उंचवटा ठेवा. सगळ्या पेशी सारख्या ठेवून सुरू केलेत तर उंचवटा कुठेतरी भलतीकडे उगवेल, नाहीतर उगवणारच नाही.

दर २० मिलिसेकंदांनी, याच क्रमाने:

१. सरकवा. वळणाचा वेग × ०.०२ ÷ ५ इतक्या पेशी. ९०°/सेकंदाला ०.३६ पेशी. अपूर्णांक असतो म्हणून पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या रोल फंक्शनने ० पेशी सरकवलेली प्रत × ०.६४ आणि १ पेशी सरकवलेली प्रत × ०.३६ यांची बेरीज घ्या. ऋण वेगाला पूर्णांक काढताना फ्लोअर वापरा. नुसते दशांश कापणारे फंक्शन वापरले की उजवी वळणे चुकतात आणि डावी बरोबर येतात. माशीच्या मेंदूत हे काम डाव्या-उजव्या वळणांच्या दोन वेगळ्या पेशीसमूहांकडे असते, जे उंचवट्याला आपापल्या बाजूला ढकलतात. आपण गणिताने सोपी वाट काढली.

२. कॅमेऱ्याकडून काही आले असेल तर ते मिळवा (पुढे पाहा).

३. चेतवा. १९ आकड्यांच्या गॉसियनने गोलाकार कन्व्होल्यूशन, म्हणजे प्रत्येक पेशीची सक्रियता या आकड्यांच्या प्रमाणात शेजारणींत वाटणे: मधला १, तीन घरे दूर ०.६०७, सहा घरे दूर ०.१३५, नऊ घरे दूर ०.०११.

४. दाबा. सर्वात उंच पेशीच्या २० टक्के इतकी किंमत सगळ्यांमधून वजा करा; ऋण झालेल्यांना शून्य.

५. बेरजेने भागून पुन्हा १ करा.

६. वाचा. प्रत्येक पेशीची सक्रियता गुणिले तिच्या दिशेचा साइन, तसेच कोसाइन. दोन्ही बेरजांचा आर्कटॅन-टू (साइन-कोसाइनवरून कोन काढणारे फंक्शन) म्हणजे रोबोटची दिशा. सर्वात उंच पेशी नुसती उचलली तर ५°च्या पायऱ्या येतात. बेरजेने अंशाच्या आतले उत्तर मिळते.

तिसरी पायरी उंचवट्याला पसरवते, चौथी त्याच्या कडा कापते. या दोन आकड्यांवर तो साधारण १६° प्रमाण विचलनाला स्थिरावतो आणि दाबल्यानंतर पंधरा-एक पेशी जाग्या दिसतात. मुद्दाम पसरट उंचवटा दिलात तरी दहा-वीस पावलांत तो याच रुंदीवर येतो. हेच त्या जाळ्याचे स्थैर्य. सगळे मिळून प्रत्येक पावलाला दीड हजारांच्या आसपास गुणाकार. पायला ते जाणवतही नाही.

एक चूक इथे हमखास होते. १९ ऐवजी २० आकड्यांचा गॉसियन घेतला की त्याचा मध्य अर्ध्या घरावर पडतो आणि प्रत्येक पावलाला उंचवटा अर्धी पेशी सरकतो. सेकंदाला २५ पेशी, म्हणजे १२५°! रोबोट टेबलावर शांत आणि दिशा तीन सेकंदांत एक चक्कर पूर्ण करते. आकड्यांची संख्या विषमच हवी.

कॅमेरा: दृश्याची गाठ दिशेशी

इथे वस्तू ओळखायच्या नाहीत. मायकेल मिलफर्ड आणि गॉर्डन वायेथ यांनी क्वीन्सलँड विद्यापीठात २००४ पासून उंदराच्या मेंदूवर बेतलेली रॅटस्लॅम ही पद्धत उभी केली. तिच्यात लहान, धूसर चित्रांची नुसती तुलना असते, आणि त्यावर त्यांनी ब्रिस्बेनच्या सेंट लुशिया उपनगरातल्या ६६ किमी प्रवासाचा नकाशा एका कॅमेऱ्यातून काढला होता. आपली खोली त्यापुढे काहीच नाही.

६४०×४८० चित्रातला मधला आडवा पट्टा घ्या, वरून १६० ते ३२० ओळी. करडा करा, ६४×१६ पर्यंत लहान करा, सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. पट्टा मधलाच का? वरच्या भागात छताचा पंखा असतो, खालच्या भागात कोणीतरी येता-जाता चप्पल हलवलेली असते. भिंतीचा मधला भाग त्यातल्या त्यात टिकाऊ.

प्रत्येक साठवलेल्या दृश्याबरोबर त्या क्षणीच्या रिंगणाच्या ७२ सक्रियता जशाच्या तशा ठेवा. दृश्याची पेशी आणि दिशेच्या पेशी एकत्र पेटल्या म्हणून त्यांची जोडणी झाली, एवढाच याचा अर्थ. हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेला नियम तोच. पुढे तेच दृश्य दिसले की तेच ७२ आकडे रिंगणात टाकायचे.

तुलना करताना नवे चित्र साठवलेल्या चित्रावर डावी-उजवीकडे ८ स्तंभांपर्यंत सरकवून पाहा आणि सर्वात कमी सरासरी फरक देणारी सरक निवडा. या कॅमेऱ्याची आडवी नजर सुमारे ६२° आहे, म्हणून एक स्तंभ जवळपास १°. सरक ५ स्तंभ आली तर साठवलेला उंचवटा ५° (एक पेशी) सरकवून टाका. रोबोट डावीकडे वळला की दृश्य चित्रात उजवीकडे जाते, हे चिन्ह लावताना ध्यानात ठेवा. एका जागी उभे राहून गिरकी घेतली की दर १५°ला एक धरून साधारण २४ दृश्ये पुरतात.

जुळले की नाही याचा उंबरठा ०.५५ पासून सुरू करा. दोन पूर्णपणे असंबद्ध चित्रांचा फरक १.१ च्या आसपास येतो, म्हणून ०.५५ म्हणजे त्याच्या निम्म्यावर. मग स्वतःच्या खोलीत २०० चित्रे घ्या, एकाच जागेच्या जोड्या आणि वेगळ्या जागांच्या जोड्या यांचे फरक दोन आलेखांत काढा आणि उंबरठा मधल्या दरीत ठेवा. दरीच दिसत नसेल तर खोलीत खुणा कमी आहेत. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर दोन-तीन मोठी, एकमेकांसारखी नसलेली चित्रे लावणे हा सर्वात स्वस्त उपाय.

एक्स्पोजर ऑटोवर ठेवू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १० किंवा २० मिलिसेकंदच ठेवा, नाहीतर चित्रावर आडवे पट्टे सरकतात आणि दर वेळी वेगळे दृश्य तयार होते. त्याहून लांब एक्स्पोजर वळताना घात करते: ९०°/सेकंदाला १/३० सेकंदात चित्र ३° पुसले जाते, म्हणजे मूळ चित्रात तीसेक पिक्सेल.

किती जोराने टाकायचे

सगळी कला इथे आहे. कॅमेरा सेकंदाला १० चित्रे देतो. फरक ०.३५ च्या खाली असेल तर साठवलेले ७२ आकडे × ०.०५, ०.३५ ते ०.५५ मध्ये × ०.०२, त्यावर काहीच नाही.

०.०५ जोराने १०° चूक असेल तर दर चित्राला उंचवटा सुमारे अर्धा अंश सरकतो. दोन सेकंदांत चूक एक-तृतीयांशावर येते. एखादे चित्र चुकीचे जुळले तरी दणका बसत नाही. ही ओढ ३०°च्या चुकीपर्यंत वाढत जाते, पुढे घसरू लागते आणि ९०°च्या पलीकडे जवळपास शून्य होते, कारण इतक्या लांब टाकलेला छोटा उंचवटा त्याच पावलातल्या २० टक्क्यांच्या कापणीत नाहीसा होतो. सुरुवातीचा १९०°चा प्रश्न असा सुटतो. कुठेही 'जर-तर' लिहिलेले नाही. जवळच्याची सरासरी आणि लांबच्याला नकार, दोन्ही त्याच दोन पायऱ्यांतून आले.

पण हाच गुण अंगावरही येतो. रोबोट उचलून उलट्या तोंडाने ठेवला (बंद करून पुन्हा चालू केला, किंवा मुलांनी खेळताना फिरवला) तर कॅमेरा कितीही ओरडला तरी रिंगण ऐकणार नाही. ०.५ जोर दिला तरी नवा उंचवटा पुढचे चित्र येण्याआधी तीन-चार पावलांत कापला जातो. म्हणून एक वेगळी वाट ठेवा: सलग २० चांगली जुळणारी चित्रे ७०°हून लांबची दिशा सांगत असतील आणि ती सगळी, मधले वळण वजा करून, आपसात १०°च्या आत असतील, तर एकदाच १.५ जोराने टाका. जुना उंचवटा ०.१ सेकंदात विरतो. १ पेक्षा कमी जोराने हे होत नाही, आणि रोज १.५ ठेवले तर रोबोट दर चुकीच्या चित्राबरोबर उडी मारतो.

उशिराचे चित्र

कॅमेऱ्याचे चित्र हातात येईपर्यंत १०० मिलिसेकंद सहज जातात. ९०°/सेकंदाने वळताना तेवढ्यात रोबोट ९° पुढे गेलेला असतो, जवळपास दोन पेशी. परिणाम असा की डावीकडे वळताना दिशा मागे ओढली जाते, उजवीकडे वळतानाही मागे, आणि सरळ जाताना सगळे ठीक. हे लक्षण दिसले की दुसरे कारण शोधू नका.

उशीर मोजायला रोबोटला हाताने डावी-उजवीकडे सेकंदाला एकदा असे अर्धा मिनिट हलवा. जायरोचा वेग आणि लागोपाठच्या चित्रांतली स्तंभांची सरक, दोन्ही वेळेबरोबर नोंदवा. एक आलेख दुसऱ्यावर १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी सरकवत न्या. सर्वात चांगले जुळते तेवढा उशीर. मग मागच्या एका सेकंदाच्या दिशा (५० आकडे) साठवत चला आणि चित्र आले की तो क्षण आणि आत्ता यांत रोबोट जितका वळला तितका टाकायचा उंचवटा पुढे सरकवा. वळण १२०°/सेकंदाहून वेगवान असेल तर चित्र सरळ सोडून द्या.

कधी शिकायचे, कधी नाही

हरवलेला रोबोट नवी दृश्ये चुकीच्या दिशेशी बांधत गेला तर पुढे ती दृश्येच त्याला चुकीचे शिकवतात. म्हणून नवे दृश्य फक्त दोन वेळी साठवा: चालू केल्यानंतरच्या पहिल्या ३० सेकंदांत, किंवा मागच्या ५ सेकंदांत एखादे जुने दृश्य १०°च्या आत जुळले असेल तर. जुन्या जोडणीत बदल करायचा तर दर खेपेला १ टक्का, तोही मतभेद १०°च्या आत असताना.

गुरू कोण आणि शिष्य कोण, हे आधी ठरवावे लागते. गव्हाणी घुबडाच्या पिल्लांच्या डोळ्यांवर एरिक क्नुडसेन यांनी २३° सरकवणारे प्रिझम बसवले, तेव्हा काही आठवड्यांत त्यांचा आवाजाचा नकाशाही तितक्याच दिशेने सरकला. डोळा चुकत होता, तरी कान डोळ्याप्रमाणे बदलला. आपल्याकडे सेकंदाभराच्या काळात जायरो गुरू आणि कॅमेरा शिष्य, तर मिनिटांच्या काळात उलटे. कॅमेऱ्याने मिनिटभरात केलेल्या दुरुस्त्यांची बेरीज ६० ने भागली की जायरोचा उरलेला बायस मिळतो. त्याचा दहावा भाग दर मिनिटाला बायसमध्ये जमा करा. हे केले नाही तर ०.५°/सेकंद बायस असताना रिंगण कायम सुमारे १° मागे राहते. कॅमेरा ओढतो, जायरो पुन्हा लोटतो.

भिंतीचा स्पर्श

हवे असल्यास चौथे इंद्रिय: बाजूला तोंड केलेले दोन व्हीएल५३एल०एक्स अंतर-सेन्सर, १० सेंमी अंतरावर. दोन अंतरांतल्या फरकावरून भिंतीशी असलेला कोन मिळतो. पण कोणती भिंत? चौकोनी खोलीत उत्तरे चार, ९०° अंतराने. सरासरीच्या पद्धतीत हे निरुपयोगी. रिंगणात मात्र चारही ठिकाणी ०.०२ जोराचे उंचवटे टाका. तीन कापले जातात, जवळचा ओढतो. दोन भिंतींच्या बरोबर मध्ये, ४५° चुकीवर, दोन्हींची ओढ एकमेकांना खोडते, म्हणून हे इंद्रिय एकटे पुरत नाही.

५० सेंमी अंतरावर दीड सेंमी चूक म्हणजे कोनात साडेआठ अंश, त्यामुळे जोर याहून वाढवू नका. दोन्ही सेन्सरांचा आय-टू-सी पत्ता मुळात एकच असतो. एकाला एक्सशट पिनने बंद ठेवून दुसऱ्याचा पत्ता बदला. बाल्कनीतून येणारे ऊन, काच आणि काळे कापड यांच्यासमोर हे सेन्सर भलतेच आकडे देतात.

चाचण्या

लेन्सवर टोपी घाला, दोन मिनिटे स्थिर ठेवा: उंचवटा दोन पेशींहून जास्त सरकता कामा नये. टोपीसह दहा फेरे: शेवटची चूक ३०°च्या आत. टोपी काढून दहा फेरे: ५°च्या आत. दुसरी चाचणी बिघडली तर जायरोचे प्रमाण किंवा तिरकेपणा, तिसरीच बिघडली तर उशीर किंवा चिन्ह.

मग भांडण लावा. टाउबे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिंजऱ्यातले पांढरे कार्ड फिरवले, तेव्हा दिशापेशीही कार्डाबरोबर फिरल्या. तसेच इथे करा: रोबोटभोवती चित्रे चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल पडदा उभा करा, शिकवून झाल्यावर पडदा ३०° फिरवा. रोबोट स्थिर असूनही दिशा पाच-सहा सेकंदांत ३०° सरकायला हवी. पडदा १२०° फिरवला तर दोन सेकंद काहीच न होता मग एकदम उडी. ३०° ला उडी मारली तर जोर जास्त आहे. १२०° ला हळूहळू सरकत गेली तर कापणीचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी लिहिले गेले आहे किंवा गॉसियन फार रुंद.

पडद्याबाहेर, खऱ्या खोलीत, पुढची अडचण ठरलेली आहे: रोबोट दोन मीटर सरकला की जवळच्या खुणांची दिशा बदलते आणि एका जागी शिकलेली दृश्ये खोटे बोलू लागतात. यावरचा इलाज रिंगणाला जागेचे दोन अक्ष जोडणे. रॅटस्लॅममध्ये हेच आहे: २०×२०×३६ असा ठोकळा घेतला तर १४,४०० पेशी, प्रत्येक अक्ष टोकाला गुंडाळून पुन्हा सुरुवातीला जोडलेला, आणि पायऱ्या वर दिल्या त्याच. तीन मितींचे कन्व्होल्यूशन एकदम करू नका. तीन अक्षांवर एकेक करून तीनदा करा आणि पावले सेकंदाला १० ठेवा. जुळणीचा नियमही कडक करावा लागतो. सारख्या दारांच्या लांब ओसरीत एका चित्रावर विश्वास टाकला की रोबोट तिसऱ्या दारासमोर उभा राहून पाचव्यासमोर आहे असे समजतो. लागोपाठची तीन चित्रे त्याच क्रमाने जुळली तरच ठोकळ्यात उंचवटा टाका.